एका रात्रीत चार मासे गेले, औषध कोणतं घालू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. राजारामपुरीत फ्लॅट, दोन फुटी टँक, दीड वर्ष काही तक्रार नाही. आत दोन मोठे एंजल, चार मॉली, दोन गुरामी आणि एक सकर, म्हणजे तळाला, काचेला चिकटणारा मासा. शनिवारी पाहुणे यायचे होते म्हणून संध्याकाळी टँक पूर्ण रिकामा केलात, खडी चोळून धुतलीत, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळलात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरलंत आणि तासाभरात मासे परत सोडलेत. रात्री पावसात दोनेक तास लाईट नव्हती. सकाळी दोन्ही एंजल आणि दोन मॉली मेलेल्या, उरलेल्या दोन मॉली पाण्याच्या वर तोंड काढून. एका एंजलच्या अंगावर कापसासारखं पांढरं दिसलं. तो फोटो दुकानात दाखवल्यावर ‘फंगस आहे’ म्हणून निळं औषध मिळालं, ते घातलंत. दुपारी तिसरी मॉली गेली. गुरामी आणि सकर ठीक आहेत. आता विचारताय, हा रोग कोणता आणि औषध कोणतं.

माझ्या मते हा रोग नाही, म्हणून त्याला औषधही नाही. शोधायचं आहे ते हे, की शनिवारी संध्याकाळपासून रविवारी सकाळपर्यंत त्या काचेच्या आतल्या पाण्यात काय बदललं.

मी कोल्हापुरात घरांतले, दवाखान्यांतले, हॉटेलांतले टँक बसवतो आणि सांभाळतो. ‘एकदम सगळे मेले’ असा फोन आला की मी माशाच्या अंगावरचे डाग नंतर विचारतो. आधी विचारतो: पहिला कोण गेला, किती वाजता, आणि त्याच्या आदल्या दिवशी टँकला कोणी हात लावला होता का. रोगाला वेळ लागतो. तो एका जातीला आधी धरतो, दुसरीला उशिरा. मासा दोन-चार दिवस आधीच खाणं सोडतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो, खडीला अंग घासतो. इथे काय झालं? संध्याकाळपर्यंत खाणारे मासे, दोन वेगळ्या जातींचे, एकाच रात्रीत गेले. असं झालं की दहातल्या नऊ वेळा दोष पाण्याचा निघतो.

त्या कापसाचं आधी मिटवू. बुरशीचे बीजाणू प्रत्येक टँकमध्ये असतातच. मासा मेला की त्याच्या अंगावरच्या चिकट थराचं संरक्षण संपतं आणि पावसाळ्यातल्या आपल्या घरच्या तापमानाला बारा तासांत त्यावर लव दिसायला लागते. डोळे पांढुरके होतात, परांच्या कडा फाटतात, पोट लाल पडतं. हे सगळं मेल्यानंतरचं. एंजल रात्री बाराच्या आत गेला असेल आणि तुम्ही सकाळी उशिरा बघितलात, तर तो कापूस दिसणारच. दुकानदारानं फोटो बघून जे सांगितलं ते फोटोपुरतं बरोबर आहे, फक्त ते मरणाचं कारण नाही. कापूस जिवंत माशावर दिसला तर मात्र विषय वेगळा.

आता संशयित. तुमच्या हकिकतीत चार आहेत आणि गंमत अशी की चौघांनाही संधी होती.

पहिला क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा असं मानक आहे. माणसाला त्याचं काही वाटत नाही, माशाच्या कल्ल्यांना त्याहून कमीही झोंबतो. कल्ल्याची कातडी इतकी पातळ असते की रक्त आणि पाणी यांच्यात जवळजवळ काहीच नसतं. क्लोरीन तीच भाजतो, मग पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. शिवाय आपल्याकडे नळाचं पाणी वर्षभर एकसारखं नसतं. २०२३ मध्ये काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं खरं, पण पावसात गढूळपणा वाढला, कुठे बिघाड झाला, जुन्या उपशावर भिस्त आली, की पाणी बदलतं आणि टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, डोसही बदलतो. मार्चमध्ये ज्या नळाचं पाणी थेट घातलं आणि काही झालं नाही, त्याच नळाचं जुलैत अंगाशी येतं. ‘आम्ही नेहमी असंच करतो’ हे वाक्य मला पावसाळ्यात सगळ्यांत जास्त ऐकू येतं.

तुमच्या बाबतीत मोठा प्रश्न गच्चीवरच्या टाकीचा आहे. पाणी उघड्यावर चोवीस तास पडून असेल तर क्लोरीन बराचसा उडून जातो. पण टाकी झाकलेली असते, आणि संध्याकाळी नुकतीच मोटर लावून भरली असेल तर तुम्हाला जवळजवळ ताजंच पाणी मिळालं. त्याहून वाईट शक्यता म्हणजे त्या आठवड्यात सोसायटीनं टाकी धुऊन घेतली असेल. धुणारे लोक ब्लीचिंग पावडर सढळ हातानं टाकतात आणि शेवटचं खळबळून काढणं आवरतं घेतात. त्या दिवशी बादलीला वास आला होता का, अंघोळीला डोळे चुरचुरले होते का, हे घरातल्यांना विचारा.

क्लोरीनची वेळही ठरलेली असते. डोस जबर असेल तर मासे सोडल्यावर मिनिटांत सैरभैर धावतात, टँकबाहेर उडी मारतात, मग फिके पडून बसतात. हलका असेल तर काही तास काही दिसत नाही आणि रात्रीतून मरण येतं. तुम्ही लिहिलंय की सोडल्यावर एंजल ‘थोडे घाबरल्यासारखे’ झाले होते. नवीन पाण्यात मासे तसेही बावचळतात, त्यामुळे एवढ्यावरून मी काही ठरवणार नाही.

दुसरा संशयित प्राणवायू. २५ अंशाच्या पाण्यात तो जास्तीत जास्त लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तीस अंशाला साडेसात. म्हणजे शिल्लक मुळातच तुटपुंजी. लाईट गेली की फिल्टर बंद, पाण्याचा वरचा थर हलणं बंद, बाहेरची हवा आत मिसळणं जवळपास बंद. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्यापाशी मासे मरून वर आल्याच्या बातम्या आपण वाचतो ना? मैलापाणी कुजताना नदीतला प्राणवायू खातं, मासे आधी वर तोंड काढतात, मग उलटे होतात. टँकमध्ये तेच, फक्त छोट्या मापात. पण तुमचा टँक नुकताच धुतलेला होता, कुजायला आत काही नव्हतं, मासे नऊच, आणि लाईट फक्त दोन तास नव्हती. एवढ्यानं निरोगी एंजल मरू नयेत. कल्ले आधीच भाजलेले असतील तर मात्र दोन तास पुरतात.

इथेच तुमच्या गुरामी आणि सकरचा पुरावा कामाला येतो. गुरामीला कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो, तो थेट वरची हवा घेऊ शकतो. सकरही अडचणीत वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून प्राणवायू शोषतो. जे वरची हवा घेऊ शकतात ते जगले, जे फक्त कल्ल्यांवर जगतात ते गेले. मॉलीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, म्हणून ती वरच्या पातळ थरातलं पाणी पिऊन थोडा वेळ काढते. एंजलची शरीररचनाच तशी नाही आणि तुमचे एंजल मोठे. म्हणजे मासे गुदमरले, हे मी बऱ्यापैकी खात्रीनं सांगतो. पाण्यात प्राणवायू कमी होता म्हणून, की कल्ले निकामी झाले म्हणून, ते यावरून कळत नाही. दोन्हींत चित्र सारखंच दिसतं.

तिसरा संशयित म्हणजे एकदम बदललेलं पाणी. दीड वर्षात तुम्ही बहुधा वरून भर घालत आलात. तसं असेल तर टँकचं पाणी हळूहळू आम्लाकडे सरकलेलं असतं, कारण फिल्टरमधले जिवाणू काम करताना पाण्याचा क्षार खर्च करतात. मासे त्या पाण्याला सरावतात. मग एका तासात सगळं पाणी नवीन, वर पावसामुळे चार अंशांनी गार. धक्का बसतो. पण नुसत्या या धक्क्यानं एंजल इतक्या झटपट जात नाहीत, त्यामुळे मी याला साथीदार मानतो, मुख्य आरोपी नाही.

यातच एक पोटप्रकार आहे. तो तुम्हाला लागू नाही, पण उपनगरात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हमखास लागू होतो. जुन्या, आम्ल झालेल्या पाण्यात माशांच्या विष्ठेचा अमोनिया साठलेला असतो, फक्त तो निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंशाला सामू (पीएच) ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे दहापट. काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी. अर्धा टँक काढून अर्धा बोअरनं भरला की आत राहिलेला अमोनिया बसल्या जागी विष होतो आणि मालक म्हणतो, ‘स्वच्छ पाणी घातलं आणि मासे मेले.’ तुम्ही सगळंच पाणी फेकलंत, त्यामुळे तुमचा जुना अमोनिया गटारात गेला. एवढ्यापुरतं पूर्ण धुणं तुमच्या पथ्यावर पडलं.

चौथा संशयित फिल्टर, आणि याचा पुढचा अंक अजून व्हायचाय. स्पंजवर जो तपकिरी चिकट थर असतो तो मळ नसतो, ती वसाहत असते. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी सुसह्य. तुम्ही स्पंज क्लोरीनच्या पाण्यात पिळलात, खडीही धुतलीत, म्हणजे दोन्ही वसाहती बुडाल्या. पण अकरा-बारा तासांत नऊ माशांचा इतका अमोनिया साठत नाही की एंजल मरावेत. तो धोका दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू होतो. म्हणून शनिवार रात्रीच्या मरणात फिल्टरचा हात नाही, पण बुधवारी एखादा मासा गेला तर तो फिल्टरमुळे जाईल. लोक तेव्हा म्हणतात, ‘रोग परत आला.’

फिल्टर किती गुपचूप मारतो त्याचा एक किस्सा. एका दवाखान्याच्या वेटिंगमध्ये मोठा टँक होता, बाहेर कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे बंद डब्यातला. दर सोमवारी दुपारी एखाद-दुसरा मासा मरायचा. औषधं झाली, मासे बदलून झाले. वार ठरलेला बघून मी रविवारी काय होतं ते विचारलं. रविवारी दवाखाना बंद, आणि शनिवारी रात्री जाताना कंपाउंडर इमानदारीनं मेन स्विच बंद करून जायचा. बंद डब्यातले जिवाणू दीड दिवस प्राणवायूविना कुजायचे आणि सोमवारी सकाळी स्विच लावला की ती घाण एका झटक्यात टँकमध्ये. फिल्टरची वायर मेन स्विचच्या आधीच्या पॉइंटवर घेतली, मरणं थांबली. माशाच्या अंगावर बघून हे कोणाला कधी कळलं असतं?

पाचवा संशयित तुम्ही सांगितलेला नाही, तरी विचारून ठेवतो: त्या रात्री घरात डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे मारला होता का, रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल चाललं होतं का? फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना अत्यंत जहरी असतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे फवारा आपण हातानं आत घातल्यासारखंच. पण तसं असतं तर मासे आधी गोल-गोल फिरले असते, झटके दिले असते, आणि वरची हवा पिणारे गुरामी वाचले नसते. तुमच्याकडे ते ठणठणीत आहेत, म्हणून हा संशयित मी जवळजवळ सोडून देतो.

तर माझा अंदाज: क्लोरीननं कल्ले भाजले, गार नव्या पाण्याचा धक्का वर बसला, आणि लाईट गेल्यावर उरलासुरला प्राणवायूही मिळेना. गच्चीवरची टाकी दोन दिवसांपूर्वीच भरलेली होती असं निघालं तर मला हा अंदाज बदलावा लागेल आणि मग मी पाण्याचा सामू आधी मोजायला सांगेन.

निळं औषध म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू. ते वाईट औषध नाही. अंड्यांवरच्या बुरशीला चालतं, नायट्राइटच्या विषबाधेतही त्याचा उपयोग होतो. पण स्पंजवर जे थोडेफार जिवाणू वाचले असतील त्यांना ते मारतं आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं. तिसरी मॉली औषधानं गेली असं मी म्हणणार नाही, ती सकाळपासूनच वर तोंड काढून होती. पण आता आणखी थेंब घालू नका. ‘जनरल टॉनिक’ नावाची बाटली कोणी हातात दिली तर तीही नको.

आज करायचं ते असं. एअर पंप पूर्ण जोरात, त्याच्या नळीचा हवेचा दगड शक्यतो वरच्या निम्म्यात लावा, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग खळबळत राहील. अँटीक्लोरीनचा, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या द्रावणाचा, डोस बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, पण पूर्ण टँकच्या हिशेबानं. तुमचा टँक दोन फूट लांब, फूटभर रुंद, सवा फूट उंच असेल तर कडेपर्यंत सत्तर लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचावन्न-साठ धरा. हा हिशेब न केल्यामुळे लोक निम्मा किंवा दुप्पट डोस घालतात. मग बादलीत पाणी काढून, त्यात अँटीक्लोरीन घालून, तापमान हाताला टँकइतकंच लागेपर्यंत ठेवून, पाव टँक बदला. खाणं दोन दिवस पूर्ण बंद. उपाशी मासा मरत नाही, आणि न खाल्लेला मासा अमोनियाही कमी सोडतो.

साठ लिटरला साठ ग्रॅम जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन-तीन हप्त्यांत घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही, येत्या दोन-तीन आठवड्यांत त्याची गरज पडेल. यापेक्षा जास्त नको, सकरला मीठ मानवत नाही. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट आणा. स्वस्त नाही, पण लागतंच. रोज मोजा, कुठलाही आकडा शून्याच्या वर दिसला की पुन्हा पाव टँक पाणी. वसाहत पूर्ववत व्हायला महिना ते दीड महिना लागतो. ओळखीत कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांचा मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या टँकच्या पाण्यात पिळा, हा काळ बराच कमी होतो. आणि पुढे स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन दाबांत, एवढंच.

उरलेली मॉली दुर्दैवानं गेलीच तर टाकून देण्याआधी एक गोष्ट बघा. मरून तासाभराच्या आत असेल तरच, नंतर रंग उतरतो. उजेडात धरून कल्ल्यावरचं झाकण नखानं उचला. आतले पदर लालभडक असतील तर कल्ले ठीक होते. फिकट, एकमेकांना चिकटलेले, चिकट द्रवानं भरलेले असतील तर भाजणं. चॉकलेटी रंगाकडे झुकलेले असतील तर नायट्राइट, रक्तच तपकिरी झालेलं असतं. फिकट पदरांवर रव्याहून बारीक कण दिसले तर मला कळवा, मग मी माझं वरचं म्हणणं मागे घेईन.

कारण रोगही कधीकधी एका रात्रीत मारल्यासारखा दिसतो. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी अंगावर न दिसता फक्त कल्ल्यांत बसू शकतो, कल्ल्यांतल्या कृमींचंही तेच. आणि तोंडाशी किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढरट पट्टा पाडणारा जिवाणू उकाड्यात दीड-दोन दिवसांत मासा संपवतो. पण या तिन्हींत बहुतेक वेळा गेल्या दोन-तीन आठवड्यांत नवीन मासा आणलेला असतो. तुम्ही सहा महिन्यांत काही आणलेलं नाही असं लिहिलंय. म्हणून मी तिकडे गेलो नाही.

दोन गोष्टी कळवा: गच्चीवरची टाकी शनिवारी किती वाजता भरली, आणि त्या आठवड्यात कोणी धुतली होती का. सोसायटीच्या वॉचमनला दोन्ही माहीत असतं. आणि किटचे आकडे आठवडाभर शून्यावर टिकेपर्यंत टँकमध्ये नवीन मासा नको. नंतरही एंजल शेवटी आणा, आधी दोन मॉली.